काट्याच्या पलीकडून बघणारी सौंदर्याक्का

सौंदर्याक्काचा आवाज काढायचा असेल तर आधी खुर्चीवरून उठावं लागतं. बसून तो निघत नाही. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात जे मिळेल ते, म्हणजे माऊसची वायर, चहाचा कप किंवा समोरच्याची बाही, आणि मग थेट पोटातून: "अय्यो! ह्यो कंप्यूटर हाय का म्हस? एकदा बसली की उठंना!" साखर कारखान्यात जिथे सगळे कंप्यूटर असतात त्या खोलीला ईडीपी म्हणतात. तिथून ती हे बोलली की साखरेच्या गोदामापर्यंत ऐकू जायचं. कारखान्याच्या कॉलनीतली आम्ही पोरं हे वाक्य इतक्या वेळा काढून दाखवायचो की एकदा तिनं स्वतःच ऐकलं. आम्ही पळायच्या बेतात. ती म्हणाली, "म्हस म्हंताना आवाज खाली पाडायचा. मी पाडते. परत म्हण." आणि पुन्हा म्हणवून घेतलं.

तिचे वडील बसाप्पा मूळचे निपाणीकडचे. कसबा बावड्यात त्यांचं भुसारी दुकान. घरात आईशी कन्नड, दुकानात गिऱ्हाइकाशी मराठी, आणि भांडताना दोन्ही. "मावशी, चांगला गूळ हाय की, येन आगितु त्याला?" असं ती लहानपणी गल्ल्यावर बसून विचारायची म्हणे. येन आगितु म्हणजे काय झालंय. गिऱ्हाईक अर्धं समजून पूर्ण गूळ घेऊन जायचं. पुढे वारणानगरला राहून तिनं कंप्यूटरचा डिप्लोमा केला आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आमच्या कारखान्यात ऑपरेटर म्हणून लागली. तेव्हा ईडीपीत चपला बाहेर काढून जायचं. एसी सगळ्या कारखान्यात त्याच खोलीत होता. त्यामुळे एप्रिल लागला की निम्म्या अधिकाऱ्यांना कंप्यूटरच्या तब्येतीची काळजी वाटायची. एकेक जण खुर्ची ओढून बसायचा आणि विचारायचा, "काय म्हणतंय मशीन?" सौंदर्याक्का म्हणायची, "मशीन म्हंतंय, गार वारं खायचं तर गवळीवाड्याच्या तळ्यावर जावा. हितं ऊसबिलं काढायची हाईत."

दोन हजारच्या पुढेमागे एका मासिकाबरोबर फुकट आलेली लिनक्सची सीडी तिच्या हाती लागली. मोडीत काढलेल्या मशीनवर तिनं ती चढवली आणि तिथून पोरगी बिघडली, असं तिची आई सांगते. काळा पडदा, पांढरी अक्षरं, ना चित्र ना बटण. कारखान्याचे कार्यकारी संचालक, ज्यांना सगळे एमडीसाहेब म्हणतात, एकदा डोकावले. एमडीसाहेबांचा आवाज काढायला सोपा. नाकातून बोलायचं आणि दर वाक्याआधी 'असं आहे' म्हणायचं.

"असं आहे, हे बंद पडलंय का?"

"न्हाय साहेब. हे चालू असलं की असंच दिसतंय."

"असं आहे, मग बंद पडलं की कसं दिसतं?"

"तवा माझं तोंड बघायचं."

आता काट्याचं सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट काट्यावर घडली. ऊस भरलेली गाडी कारखान्यात आली की आधी वजनकाट्यावर जाते, मग तिचा ऊस गव्हाणीत, म्हणजे गाळपाच्या पट्ट्यावर, उतरतो. आमच्याकडचा शेतकरी एक वेळ देवावर शंका घेणार नाही, पण काट्यावर घेणार. 'काटा मारतात', म्हणजे वजन कमी दाखवतात, हे वाक्य प्रत्येक वार्षिक सभेत कुणीतरी उठून बोलतंच. कोण बोलणार एवढंच ठरायचं बाकी असतं. सौंदर्याक्कानं दरवर्षी ते ऐकलं आणि एका वर्षी, सभेचा चहा चालू असताना, एमडीसाहेबांना गाठलं. काट्याच्या समोर, रस्त्यापलीकडे, शेतकऱ्यांना बसायला पत्र्याचं छप्पर घातलेला कट्टा होता. तिचं म्हणणं असं, की त्या कट्ट्यावर एक कंप्यूटर ठेवू, भिंतीला मोठा पडदा लावू, आणि काट्याच्या खोलीतून वायर टाकू. गाडी काट्यावर चढली की आकडा त्याच क्षणी पडद्यावर. मालकानं चहा पीत बघावं. लपवाछपवी नाही, त्यामुळे बोंबही नाही.

दोन हजार सहाच्या हंगामाला पडदा लागला. पहिल्या दिवशी नारळ फोडला तो जोतीरामकाकांनी.

जोतीरामकाका म्हणजे काट्यावरचे लिपिक. कोडोलीचे, पण राहायला आमच्या कॉलनीत. त्यांची नक्कल सगळ्यात सोपी आणि सगळ्यात अवघड, कारण ते बोलतच नाहीत. गाडीचा नंबर म्हणायचा, वजन म्हणायचं, आणि तोंड मिटायचं. माणसानं रामराम घातला तर मान हलवताना सुद्धा मोजून हलवायची. एकदा त्यांचा सख्खा मेहुणा गाडी घेऊन आला. गाडीत पाण्यानं भरलेला माठ होता, म्हणजे उसाच्या वजनात त्याचीही भर. जोतीरामकाका खिडकीतून म्हणाले, "माठ." मेहुणा म्हणाला, "आवं दाजी, प्याचं पानी हाय." काका म्हणाले, "माठ." माठ उतरला. मेहुण्यानं पुढे दिवाळीला येणं बंद केलं. पण पंचक्रोशीत कुठेही लग्नात नवऱ्या मुलाच्या बापाशेजारी जोतीरामकाकांना बसवायचे ते त्या माठामुळे. दुसरं त्यांच्याकडे होतं काय? नाव. तेवढंच.

आणि ते नाव घालवायला निघाला तो सौंदर्याक्काचा पडदा.

झालं असं, की हंगाम भरात आल्यावर पडदा मधेच अडायला लागला. गाडी काट्यावर चढायची, काका वजन पुकारायचे, चिठ्ठीवर वजन छापून निघायचं, गाडी खाली उतरायची, तरी कट्ट्यावरच्या भिंतीवर आधीच्याच गाडीचा आकडा. मागची गाडी काट्यावर चढली की मग दोन्ही आकडे धाडकन एकदम. सगळ्याच गाड्यांना नाही. काहींना. आणि त्याच त्या माणसांच्या गाड्या पुन्हा पुन्हा अडायच्या. कट्ट्यावर रिकामी बसलेली माणसं. त्यांना एवढं पुरे.

"मधल्या टायमात आत काय शिजतंय?"

"शिजतंय काय, ऊस कमी हुतोय."

"आबा संचालकांच्या गटातला, त्याची गाडी लगीच दिसती. आमचीच का अडती? आमी काय सावत्र हाय व्हय?"

यात पुढे होता विश्वजित. कॉलेजात जाऊन आलेला, चार एकर ऊस, मोटारसायकलला पुढे झेंडा. त्याची नक्कल करायची तर मूठ तोंडापुढे माईकसारखी धरायची. तो घरात मीठ मागतानाही 'बंधूंनो' म्हणत असेल. "बंधूंनो, आकडा येतोय मागनं, म्हंजे पुढं काईतरी घडतंय! पडदा लावला कशाला? डोळ्यावर बांधाय?"

सौंदर्याक्काला निरोप गेला तशी ती ओढणी खोचून काट्याच्या खोलीत हजर. जोतीरामकाकांना म्हणाली, "काका, जरा सरका." काका सरकले. ती काट्याच्या कंप्यूटरपुढे बसली. तिच्या मागे खिडकीतून विश्वजित आणि त्याच्यामागे निम्मा कट्टा आत डोकावत होता. तिनं एक आज्ञा टाइप केली. ती आज्ञा दिली की वायरीवरून जाणारे सगळे निरोप पडद्यावर उमटतात, जसं पोस्टमनच्या पिशवीत डोकावावं.

इथे एक गोष्ट समजून घ्यायची. एका कंप्यूटरवरून दुसऱ्यावर निरोप जातो तेव्हा त्याच्या कपाळावर एक बेरीज लिहिलेली असते. ती त्या निरोपातल्याच आकड्यांची बेरीज. पलीकडचा कंप्यूटर निरोप मिळाला की पुन्हा बेरीज करून बघतो. जुळली तर ठीक. नाही जुळली तर निरोप वाटेत खराब झाला असं समजून तो मुकाट टाकून देतो. सांगत नाही, भांडत नाही, टाकून देतो.

तर काट्याच्या कंप्यूटरवर प्रत्येक निरोपापुढे इंग्रजीत लिहून येत होतं की बेरीज वाईट. ओळीमागून ओळ. सौंदर्याक्का खुर्चीतून उठली. उठली म्हणजे काय होणार हे वर सांगितलंच आहे.

"घावलं! हितंच घावलं! ह्या कंप्यूटरातनं भाईर जाणारा परत्येक निरोप खराब हाय!"

आणि मागून विश्वजितनं खिडकीच्या गजातून बोट घालून वाचलं, "बॅड. बॅड. बॅड. ह्यो बगा, बॅड! बंधूंनो, काट्याच्या खोलीत परत्येक ओळीला बॅड लिहिलंय! मॅडमनी सोता दावलंय!"

बॅड सगळ्यांना कळतं. बॅडला शिक्षण लागत नाही.

दुपार कलायच्या आत ही बातमी बावड्यातून फिरून पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंत गेली. वाटेत तिच्या अंगावर मांस चढलं. कुणी म्हणालं, कंप्यूटरनंच चोर पकडला. कुणी म्हणालं, जोतीरामानं खोलीत दुसरा काटा ठेवलाय. गाड्यांची रांग थांबली आणि एमडीसाहेब खाली आले. "असं आहे, जोतीराम, तूर्त तुम्ही घरी बसा. उद्या सकाळी संचालक मंडळ बसतंय. काट्यावर कुणाला ठेवायचं ते तिथं ठरेल." जोतीरामकाकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. टेबलावरची काट्याच्या खोलीची किल्ली एमडीसाहेबांच्या हातात दिली आणि बाहेर पडले. रांगेतल्या कुणी रामराम घातला नाही. त्या दिवशी त्यांना मान हलवावी लागलीच नाही.

संशयावरून काट्यावरून उठवलेला माणूस आमच्याकडे पुन्हा सरळ होत नाही. त्याला कामावरून काढत नाहीत, त्याला गोदामात पोती मोजायला लावतात, आणि मग आयुष्यभर त्याच्या पाठीमागे कुणीतरी तराजूची खूण करून दाखवतं. हे सगळ्यांना माहीत होतं. काकांच्या मंडळींना, अंबूबाईंना, सगळ्यात जास्त. त्या संध्याकाळी सरळ ईडीपीत आल्या. चपला बाहेर काढायला विसरल्या नाहीत.

"पोरी, येक इचारू?"

"काकू, बसा की."

"बसाय न्हाय आले. तुज्या पडद्याच्या आदी माणसं नुसती शंका घ्यायची. आता पुरावा हाय म्हंत्यात. ही सुधारणा म्हनायची का?"

सौंदर्याक्का हळू बोलली. हे वाक्य लिहिताना हात थांबतो. ती हळू बोललेली कुणी ऐकली नव्हती. म्हणाली, "काकू, मी काका चोर हाईत असं म्हंटलं न्हाई. मी कंप्यूटर खराब हाय म्हंटलं."

"ते मला सांगू नगंस. माझा दादला हाय त्यो. कट्ट्यावर सांग."

अंबूबाई गेल्या आणि तिनं काट्याच्या कंप्यूटरचं नेटवर्क कार्ड बदलून टाकलं. कार्ड म्हणजे ज्यात वायर खोचतात तो भाग. तिच्या कपाटात त्याच कंपनीचं, त्याच वेळी आणलेलं दुसरं होतं. बसवलं. पुन्हा तीच आज्ञा. पुन्हा बॅड, बॅड, बॅड. आता तिला एक गोष्ट टोचायला लागली. ती मोठ्यानं स्वतःशीच बोलते, त्यामुळे आम्हाला कळतं की तिला काय टोचतंय. "सगळेच निरोप खराब असतील," ती कीबोर्डला म्हणाली, "तर निम्मे पोचत्यात कसे? पलीकडला कंप्यूटर काय माझा मामा हाय, खराब असून घ्यायला?" बरोबर होतं. आबाची गाडी तर लगेच दिसत होती, आणि आबाच्या निरोपापुढेही बॅडच होतं.

सकाळी ती काट्यावर आली तेव्हा तिथे बदली लिपिक बसला होता आणि रांग गेटाबाहेर गेली होती. ती रांगेच्या कडेनं डोकं खाली घालून चालत होती. गेटावर नवा रखवालदार लागला होता. त्यानं एक बैलगाडी अडवली होती आणि हातात तिची शेतातून आलेली चिठ्ठी धरून तो गाडीवानावर ओरडत होता.

"वजन कुटाय? वजनाची जागा कोरी हाय! बोगस चिठ्ठी घिऊन आलाईस व्हय रं?"

गाडीवान बैलांसकट हसला. "आरं पावणं, नवं दिसताय. काट्याच्या अलीकडं वजन कुटनं पडंल? काट्यावर जाऊं दे की मला. तितं पडतंय. मग पलीकडं हुबं ऱ्हा आनि बग जा!"

रांगेतली माणसं हसली. एकानं रखवालदाराला विचारलं, "लगीन व्हायच्या आदी पोरगं कुटाय म्हून इचारतोस काय रं?" रखवालदारानं चिठ्ठी परत केली. आणि सौंदर्याक्का जागच्या जागी उभी. मग ती पळाली. ओढणी सुटली तरी पळाली. काट्याच्या खोलीत शिरून बदली लिपिकाला म्हणाली, "ऊठ!"

तिच्या लक्षात आलं होतं ते असं. तिची ती पोस्टाच्या पिशवीत डोकावणारी आज्ञा निरोप बघत होती ते कंप्यूटरच्या आत, कार्डाकडे जायच्या आधी. आणि हल्लीच्या कार्डांना एक सोय असते. बेरीज करायचं काम कंप्यूटर स्वतः करत नाही, कार्डावर ढकलतो. म्हणजे निरोप कंप्यूटरमधून निघतो तेव्हा बेरजेची जागा भरलेलीच नसते. जाता जाता कार्ड ती भरतं. ती काट्याच्या अलीकडे उभी राहून चिठ्ठी कोरी आहे म्हणून बोंबलली होती. नव्या रखवालदारासारखी. हुबेहूब.

पण वाटणं वेगळं आणि बघणं वेगळं. तिनं टाइप केलं:

ethtool -k eth0

यात लहान के म्हणजे कार्डाला नुसतं विचारायचं, कोणकोणती कामं तू अंगावर घेतली आहेस. मोठा के म्हणजे त्यात हात घालायचा. "लहान के ला भ्यायाचं न्हाय, मोठ्या के ला विचारून दाबायचं," असं ती नंतर आम्हाला शिकवताना सांगायची. उत्तर आलं. पाठवायच्या निरोपांची बेरीज: चालू. म्हणजे कार्डच करत होतं. म्हणजे कालचे सगळे बॅड बिनकामाचे. म्हणजे कालची बोंब खोटी.

तरी आकडे अडत होतेच, ते का, हे राहिलं होतं. त्यासाठी काट्याच्या पलीकडे उभं राहायला हवं होतं. ती रस्ता ओलांडून कट्ट्यावर गेली, तिथल्या कंप्यूटरपुढे बसली आणि तीच आज्ञा तिथे दिली. इथे येणारे निरोप कार्डातून बाहेर पडून, बेरीज भरून आलेले. बहुतेकांपुढे ओके होतं. एखाद्यापुढे बॅड. आणि ज्याच्यापुढे बॅड, त्याच गाडीचा आकडा भिंतीवर आला नाही. तिनं दोनचार गाड्या जाऊ दिल्या, पुन्हा पुन्हा पाहिलं. निरोपाची लांबी विशिष्ट झाली की त्या जातीच्या कार्डाची बेरीज चुकत होती. कट्ट्यावरचा कंप्यूटर तो निरोप टाकून द्यायचा. पोच न आल्यानं काट्याचा कंप्यूटर तो पुन्हा पुन्हा पाठवायचा; मागच्या गाडीचा निरोप त्याला चिकटला की लांबी बदलायची, बेरीज जुळायची आणि दोन्ही एकदम पोचायचे. नाव, गाव, गाडी नंबर दरवेळी तेच, म्हणून निरोपही दरवेळी तेवढाच लांब आणि म्हणून अडायचीही तीच माणसं. गटबाजी नव्हती. काटाही कुणी मारला नव्हता. नवं कार्ड जुन्याचंच भावंड, म्हणून बदलून उपयोग झाला नव्हता.

ती परत काट्याच्या खोलीत आली. या वेळी मोठा के:

ethtool -K eth0 tx off

म्हणजे कार्डबुवा, तुमची बेरीज पुरे, आमचा कंप्यूटर करेल. पुढची गाडी चढली. आकडा कट्ट्यावर लगेच. त्याच्या पुढची. लगेच. नेहमी अडणारी. लगेच. आणि आता काट्याच्या कंप्यूटरवर, काल जिथे ओळीनं बॅड होतं, तिथे ओके, ओके, ओके. कारण आता चिठ्ठी आतच भरली जात होती.

संचालक मंडळाची बैठक वर सुरू झाली होती. सरळ जिना चढून जायचं आणि एमडीसाहेबांच्या कानात सांगायचं, हे कुणीही केलं असतं. काम झालं असतं, तिची लाजही झाकली असती. मला ही बाई आवडते ती इथे. ती जिन्याकडे गेलीच नाही. काट्याच्या खोलीत गाड्यांचे नंबर पुकारायचा भोंगा होता, गेटापासून गव्हाणीपर्यंत ऐकू जाणारा. तिनं त्याचं बटण दाबलं. खरं तर तिला भोंग्याची गरज नव्हती.

"ऐका! मी सौंदर्या बोलतोय, ईडीपीतनं." ती घाईत पुरुषासारखं बोलते. "काल मी हितं बोंबलले की काट्याच्या कंप्यूटरातनं सगळं खराब जातंय. ते चूक! माझी चूक! जोतीरामकाकांचा तिळाएवढा दोष न्हाय. ज्यांनी ज्यांनी काल बॅड वाचलं त्यांनी कट्ट्यावर या. विश्वजित, तू आदी ये. आलास का? दिसत न्हाईस. झेंडा हलीव."

वर मंडळाच्या खिडक्या उघडल्या. खाली कट्टा भरला. विश्वजित आला, मूठ तोंडापुढे तयार.

"मॅडम, कालच्याला बॅड म्हंटलासा, आज चांगलं म्हंताय. रात्रीत काय दिलं कारखान्यानं?"

"तुला सांगते काय दिलं. तुझी गाडी कुटाय?"

"हाय की रांगेत."

"जा. तिची चिठ्ठी घिऊन ये."

आणली. सौंदर्याक्कानं ती त्याच्यापुढे धरली. "वाच. वजन किती?"

"कोरं हाय."

"मोठ्यानं."

"कोरं हाय म्हंटलं की!"

"बंधूंनो!" ती इतकं तंतोतंत विश्वजितसारखं म्हणाली की कट्टा फुटलाच. "बंधूंनो, ह्याच्या चिठ्ठीवर वजन न्हाई! ह्यो चोर हाय!"

"ओ, काय ओ मॅडम! काट्यावर गेल्याबिगर वजन कसं पडंल?"

"मग काल मी आनि तू काय केलं? काट्याच्या अलीकडं हुबं राहून चिठ्ठी वाचली. तू एकटा न्हाईस बाबा. तुझ्या आदी मी नापास. तू माझ्या मागचा नंबर."

माणसं हसली, पण आमच्याकडची माणसं हसून पटत नाहीत. एक म्हातारा कोपऱ्यातून म्हणाला, "आकडा लवकर आला म्हंजे खरा कशावरनं?"

"आलं! खरा सवाल आला." तिनं खोलीतून सरकारी शिक्क्याची लोखंडी वजनं बाहेर काढायला लावली. ती काटा तपासायला ठेवलेली असतात आणि मागितली की दाखवावी लागतात. पण ती कुणी मागत नाही, शंका घेणं फुकट असतं आणि वजनं उचलावी लागतात. "विश्वजित, तू चढीव. मी हात लावत न्हाय." विश्वजित आणि दोघांनी वजनं काट्यावर ठेवली. काट्यावरचा आकडा आणि भिंतीवरचा आकडा, दोन्ही वजनांवर कोरल्याबरहुकूम. म्हाताऱ्यानं डोळ्यांवर हात धरून भिंत वाचली. मग म्हणाला, "त्या जोत्यानं सख्ख्या मेव्हण्याचा माठ उतरिवलेला. मला वाटलंच हुतं." वाटलं होतं तर काल का गप्प बसलास, हे त्याला कुणी विचारलं नाही.

एमडीसाहेब तोवर खाली आले होते. किल्ली त्यांच्याच खिशात. "असं आहे, सौंदर्या, हे तुम्ही मंडळासमोर सांगायला हवं होतं."

"साहेब, मंडळासमोर कुटं बोंबलले हुते? हितं बोंबलले. हितंच निस्तरायचं की."

साहेबांनी किल्ली काढून दिली, ती काकांना द्यायला सौंदर्याक्का स्वतः गेली. जोतीरामकाका पडवीत खाटेवर बसलेले. त्यांनी भोंगा ऐकला होता. सगळ्या कॉलनीनं ऐकला होता. ती उभी राहिली, कमरेवर हात न ठेवता.

"काका, चला. चुकले मी."

काकांनी किल्ली घेतली नाही. मग त्यांनी आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण केलं. "तुज्या पडद्यानं नाव घालिवलं. तुज्याच पडद्यानं परत आणलं. बरं झालं. पर मदी माजी झोप गेली. ती कोण देणार?"

"मी देते की!" सौंदर्याक्का म्हणाली. "आजची पाळी मी बसते काट्यावर. तुमी झोपा."

आणि खरंच जाऊन बसली. कंप्यूटर तिचा होता, पण काटा तिचा नव्हता. बैलगाडीचं मागचं चाक फळीवर पूर्ण आलंय का हे बघायला ती दरवेळी उठून बाहेर जायची. ट्रॅक्टरवाल्याला खाली उतर म्हणायला विसरायची, मग आठवायची, मग पुन्हा वजन घ्यायची. एका गाडीवानाशी माठावरून वाद घातला. त्यात माठ रिकामा निघाला. आकडे भिंतीवर क्षणात येत होते, पण गाड्याच काट्यावर येत नव्हत्या. रांग गेटाबाहेर, गेटाबाहेरून रस्त्यावर. ऊस उन्हात वाळायला लागला आणि ऊस वाळला की वजन घटतं, हे कुणाला सांगावं लागत नाही.

"ओ मॅडम! हात चालवा की!"

"मोडला का काय काटा?"

"ओ, त्या जोतीरामकाकांना बोलवा जावा! आमाला घरला जायाचं हाय!"

शेवटी विश्वजित खोलीत घुसला. सौंदर्याक्कानं भोंग्याचं बटण त्याच्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "तुझं काम हाय. बोलीव." त्यानं मूठ तोंडापुढे धरली आणि मग समोर खराच माईक आहे हे बघून खाली घेतली.

"बंधू... आवं जोतीरामकाका. जोतीरामकाका, काट्यावर या. सगळी वाट बघत्यात."

पडवीत अंबूबाई काकांच्या खाटेशी गेल्या. "आवं, हाक मारत्यात. ऐकू आलं न्हव?"

काकांनी डोळे मिटलेलेच ठेवले.

"आलं," ते म्हणाले. "आजून येकदा मारू दे."